खिडकी पांढरी, खोली काळी: डोळ्यांना दिसतं ते फोटोत आणायचं कसं?

राजापूरजवळच्या गावी आमचं जुनं घर आहे. कौलारू, मातीच्या भिंतींचं. भर दुपारी उन्हातून आत पाऊल टाकलं की क्षणभर काहीच दिसत नाही, इतका आत अंधार. माजघराला मागच्या अंगणात उघडणारा एक दरवाजा आणि छपरात बसवलेलं एक काचेचं कौल. दुपारी त्या कौलातून कवडसा खाली पडतो आणि हळूहळू जमिनीवरून सरकत उतरंडीपर्यंत जातो. दिवाळीनंतर हे घर पाडून तिथे स्लॅबचं घर बांधायचं ठरलंय. म्हणून मे महिन्यात गेले तेव्हा माजघराचा एक नीट फोटो काढून ठेवायचा, एवढंच डोक्यात होतं.

एवढंच काम, पण जमेना. कॅमेरा आतल्या भिंतींसाठी सेट केला की दरवाजाबाहेरचं अंगण आणि फणसाचं झाड जळून पांढरंफटक. अंगणासाठी सेट केला की माजघर म्हणजे नुसतं डांबर. शेवटी फोन काढला. फोनने सगळं दाखवलं, अगदी कोनाड्यातल्या बाटल्यासुद्धा. पण भिंत, छप्पर, जमीन, अंगण, सगळं एकाच मापाने उजळलेलं. आजीने स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "ट्यूब लावलीस होय?"

हा अनुभव तुम्हालाही आला असणार. लेणीच्या आतून बाहेरचा डोंगर टिपताना, सूर्यास्तासमोर उभ्या मित्राचा फोटो काढताना, घरातल्या गणपतीमागे खिडकी असेल तेव्हा. यावरच्या उपायाला एचडीआर म्हणतात, म्हणजे हाय डायनॅमिक रेंज. एकाच दृश्याचे कमी-जास्त प्रकाशाचे अनेक फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा एक फोटो करायचा. गंमत अशी की, इन्स्टाग्रामवर ज्या फोटोंत ढग उकळल्यासारखे दिसतात, गवत रेडियमचं वाटतं आणि किल्ल्याचा दगड न् दगड ओरडत असतो, त्यांनाही लोक एचडीआरच म्हणतात. तंत्र तेच, पण हात सुटलेला. हा हात आवरायचा कसा, ते या लेखात बघू.

कॅमेऱ्याला नेमकं काय जमत नाही?

प्रकाश दुप्पट झाला की फोटोग्राफर त्याला एक स्टॉप म्हणतात. दोन स्टॉप म्हणजे चौपट, तीन म्हणजे आठपट, आणि दहा स्टॉप म्हणजे १०२४ पट. उन्हातलं अंगण आणि घरातला काळोखा कोपरा यांच्यात दहा स्टॉपचा फरक सहज असतो. म्हणजे तिथे हजारपट प्रकाश आहे आणि इथे एकपट, आणि दोन्ही एकाच फोटोत हवेत.

सेन्सरवरचे पिक्सेल हे पावसाळ्यात पागोळ्यांखाली मांडलेल्या भांड्यांसारखे असतात. ठरावीक वेळ भांडी ठेवायची आणि कुणात किती पाणी साठलं ते मोजायचं. एखादं भांडं भरून वाहिलं, तर त्यात किती पाऊस पडला असता हे कळायला मार्ग नाही. तो झाला फोटोतला जळालेला पांढरा भाग. उलट एखाद्या भांड्यात चारच थेंब पडले, तर मोजमापात थोडी चूक झाली तरी ती मोठी दिसते. अंधाऱ्या भागात जी रंगीत भगर पडलेली दिसते, ज्याला आपण नॉइज म्हणतो, ती अशीच येते. एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. जळालेला भाग परत येत नाही. अंधारातलं काहीतरी तरी हाती लागतं, खराब का होईना.

आजचा चांगला कॅमेरा कमीत कमी आयएसओवर, रॉ फाइलमध्ये, साधारण १२ ते १४ स्टॉप पकडू शकतो. मग अडचण काय? एक तर काही दृश्यं त्यापेक्षाही मोठी असतात. आणि दुसरं, पकडणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. तुमची साधी स्क्रीन किंवा छापील कागद इतका फरक दाखवूच शकत नाही. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. त्यात ते सगळं ऊन आणि तो सगळा अंधार दाटीवाटीने बसवावा लागतो. एचडीआरमध्ये फसगत होते ती बहुतेक वेळा या दुसऱ्या भागात.

मग आपल्या डोळ्यांना कसं जमतं? खरं तर त्यांनाही एका नजरेत जमत नाही. आपण आधी अंगणाकडे बघतो, बाहुली आकसते. मग कोनाड्याकडे बघतो, ती मोठी होते, डोळे अंधाराला सरावतात. मेंदू या सगळ्या नजरा जोडून एक चित्र करतो. म्हणजे ब्लेंडिंग आपण जन्मापासून करतोय. पण मेंदू एक गोष्ट विसरत नाही: अंगण झगझगीत होतं आणि कोनाडा काळोखा होता. कोनाड्यातली बाटली दिसली म्हणून कोनाडा उजेडात होता असं त्याला वाटत नाही. फोनला मात्र तसं वाटतं.

युक्ती पावणेदोनशे वर्षं जुनी

हे सगळं डिजिटल काळातलं खूळ आहे असं वाटत असेल, तर फ्रान्समध्ये १८५० च्या दशकात जावं लागेल. तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्हला निळा रंग जरा जास्तच लवकर लागायचा. त्यामुळे समुद्र नीट आला की आकाश कोरं पांढरं यायचं. गुस्ताव्ह ल ग्रे नावाच्या फोटोग्राफरने यावर दोन निगेटिव्हचा मार्ग वापरला. एक आकाशासाठी, एक समुद्रासाठी, आणि छापताना दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जोडायच्या. त्याचा १८५७ सालचा सेतच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या लाटेचा फोटो असाच तयार झाला. क्षितिज सरळ रेघ असतं म्हणून काम सोपं. आमच्या दरवाजाच्या चौकटीसारखं वाकडंतिकडं काही असतं, तर त्याचीही दमछाक झाली असती.

संगणकाच्या काळात या विषयाला खरी बैठक मिळाली ती १९९७ मध्ये. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक (हे मूळचे मथुरेचे, शिकले आयआयटी कानपूरला) यांनी एक निबंध मांडला. त्यांच्या उदाहरणांपैकी एक दृश्य होतं स्टॅनफर्डच्या चर्चचं. आत काळोख, समोर रंगीत काचांच्या खिडक्या. म्हणजे आमच्या माजघराचं श्रीमंत भावंडच. त्यांनी ३० सेकंदांपासून १/१००० सेकंदापर्यंत १६ फोटो काढले आणि प्रत्येक बिंदूवर प्रत्यक्षात किती प्रकाश होता याचा हिशोब लावला. या हिशोबाला रेडियन्स मॅप म्हणतात. तो स्क्रीनवर जसाच्या तसा दाखवता येत नाही, म्हणून त्याला पुन्हा दाबून लहान मापात बसवावं लागतं. त्या दाबण्याचं नाव टोन मॅपिंग. ते 'उकळते ढग' याच पायरीवर तयार होतात.

दहा वर्षांनी, २००७ मध्ये, टॉम मर्टेन्स, यान काउट्झ आणि फ्रँक व्हॅन रीथ यांनी वेगळा विचार केला. प्रकाशाचा हिशोब हवाच कशाला? प्रत्येक जागेसाठी कुठल्या फोटोत तो भाग नीट आलाय ते बघा. रेखीव आहे का, रंग भरलेला आहे का, फार काळा-पांढरा तर नाही ना. त्यानुसार त्या फोटोला जास्त वजन द्या आणि सगळं मऊपणे मिसळा. याला एक्स्पोजर फ्यूजन म्हणतात. एन्फ्यूज नावाचं मोफत सॉफ्टवेअर याच तत्त्वावर चालतं. माझ्या अनुभवात त्यातून येणारे फोटो टोन मॅपिंगपेक्षा शांत असतात. कधी कधी जरा मिळमिळीत, पण मिळमिळीत फोटो सुधारता येतो.

आधी फोटो नीट काढा

सॉफ्टवेअरकडे धावण्याआधी हे सांगायलाच हवं, कारण निम्मं काम इथेच होतं. कॅमेरा ट्रायपॉडवर हवा. ट्रायपॉड नसेल तर पाट, पेटी, खिडकीची चौकट, काहीही चालेल, पण फोटोंच्या मध्ये तो हलता कामा नये. बटण दाबतानाही हलतो म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. ॲपर्चर एकच ठेवा, कारण ते बदललं की मागचं-पुढचं किती स्पष्ट दिसतं तेही बदलतं आणि फोटो एकमेकांवर बसत नाहीत. आयएसओ कमीत कमी आणि कायम. फोकस एकदा करून मॅन्युअलवर टाका. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. बदलायची ती फक्त शटरची वेळ.

मी एफ/८ आणि आयएसओ १०० वर पाच फोटो काढले: १/२५०, १/६०, १/१५, १/४ आणि १ सेकंद. प्रत्येकात दोन स्टॉपचा फरक. बहुतेक कॅमेऱ्यांत ऑटो ब्रॅकेटिंगची सोय असते. एकदा सांगितलं की तो तीन किंवा पाच फोटो आपोआप तसे काढतो. किती फोटो पुरेत, हे हिस्टोग्रामवरून ठरवा. सगळ्यात काळ्या फोटोत आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला नसला, म्हणजे अंगण वाचलं. सगळ्यात उजळ फोटोत तो डाव्या भिंतीपासून सुटलेला असला, म्हणजे कोपरे आले. त्यापुढे आणखी काढून उपयोग नाही. आणि फाइल रॉ ठेवा.

दुपारी कवडसा जमिनीवर आला तेव्हा आजी नेमकी तिथेच पाटावर बसून तांदूळ निवडत होती. हलू नकोस म्हटलं. पाच फोटो होईपर्यंत ती बिचारी श्वास रोखून बसली, पण हात काही थांबले नाहीत. "किती वेळ गो? तांदूळ काय फोटोतच शिजवायचेत?" हे चौथ्या आणि पाचव्या फोटोच्या मध्ये.

पहिला प्रयत्न

मुंबईला परत आल्यावर मी सगळे करतात तेच केलं. लाइटरूममध्ये पाचही फोटो निवडले, फोटो मर्जमधून एचडीआर दाबलं. फोटो एकमेकांवर बसवायचं काम ते स्वतः करतं. हललेल्या वस्तूंसाठी डीगोस्ट नावाचा पर्याय देतं. त्यातून एक डीएनजी फाइल येते. नेहमीच्या फोटोत एक्स्पोजरचं बटण पाच स्टॉप वर-खाली जातं, तर या फाइलमध्ये दहा जातं, इतका माल आत असतो. इथपर्यंत सगळं उत्तम. पुढची चूक माझी. शॅडोज पूर्ण वर, हायलाइट्स पूर्ण खाली, क्लॅरिटी बरीच, व्हायब्रन्स थोडा, आणि खूश होऊन मी तो घरच्या ग्रुपवर टाकला.

भावंडांनी बदाम टाकले. बाबांनी फोन केला. "फोटो छान आहे, पण हे आपलं घर नाही वाटत गो. होमस्टेची जाहिरात वाटते."

राग आला, खोटं कशाला बोलू. पण मग फोटो शांतपणे बघितला आणि ते कुठे खटकत होते ते दिसायला लागलं. कवडसाच नव्हता. होता, म्हणजे जमिनीवर एक फिकट ठिपका होता. पण आजूबाजूची जमीन मी इतकी उजळली होती की तो उठून दिसेना. माजघरातली सगळ्यात सुंदर गोष्ट अंधारामुळे दिसत होती, आणि मी अंधारच काढून टाकला होता.

दुसरं, क्रम बिघडला होता. हा मुद्दा जरा थांबून बघू, कारण 'नैसर्गिक दिसतं' आणि 'बनावट दिसतं' यातला फरक बराचसा इथे आहे. खऱ्या माजघरात सगळ्यात उजळ अंगण, मग कवडसा, मग दरवाजालगतची जमीन, मग समोरची भिंत, मग कोनाडा आणि सगळ्यात शेवटी धुराने काळे झालेले वासे. एडिट करताना या पायऱ्यांमधलं अंतर कमी करायला हरकत नाही, ते करावंच लागतं. पण पायऱ्यांचा क्रम उलटला, किंवा दोन पायऱ्या एका पातळीवर आल्या, की बघणाऱ्याला नाव सांगता आलं नाही तरी खटकतं. माझ्या फोटोत अंगण आणि भिंत जवळजवळ एकाच उजेडाची होती. बाहेर ऊन नसून ढगाळ संध्याकाळ असावी, आणि आत कुणीतरी दिवा लावला असावा. आजीचा ट्यूबचा प्रश्न पुन्हा तोच.

तिसरं, दरवाजाच्या चौकटीभोवती भिंतीवर एक पांढुरकी कड. याला हेलो म्हणतात. टोन मॅपिंग करताना सॉफ्टवेअर प्रत्येक जागेचा उजेड आजूबाजूच्या भागाशी ताडून ठरवतं. दरवाजाजवळ 'आजूबाजू'मध्ये ऊन आणि अंधार दोन्ही येतात, तिथे त्याचा अंदाज चुकतो आणि कडेला भुतासारखी झळाळी उमटते. किल्ल्यांच्या फोटोंत बुरुजाच्या कडेने आकाश उजळलेलं दिसतं ते हेच. बटणं कमी फिरवली की ती कड कमी होते, आणि तेवढाच उपाय बहुतेकांना पुरतो.

वासे राखाडी झाले होते आणि त्यांत नॉइज भरला होता. आजीच्या हातांच्या जागी तीन हात होते. ते सांगायची कुणाला हिंमत झाली नव्हती.

मास्क लावून, हाताने

दुसऱ्या वेळी मी ठरवलं की कुठे कुठला फोटो दिसणार हे मी ठरवणार. यासाठी फोटोशॉप असेल तर उत्तम, पण मोफत मिळणाऱ्या गिंपमध्येही हे काम होतं. फक्त गिंप रॉ फाइल थेट उघडत नाही, त्या आधी डार्कटेबल किंवा रॉथेरपीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून नेऊन टिफ करून घ्याव्या लागतात. पाचही फोटोंना व्हाइट बॅलन्स एकच द्या.

मग 'ओपन ॲज लेअर्स' करून सगळे एकावर एक रचायचे. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले कागद, आणि मास्क म्हणजे वरच्या कागदाला पाडलेली भोकं. मास्कचा पांढरा भाग असेल तिथे वरचा फोटो दिसतो, काळा असेल तिथे खालचा. राखाडी असेल तिथे दोन्ही मिसळून, आणि सगळी जादू या राखाडीत आहे.

भोकं हाताने कापायची गरज नसते. समजा खाली खोलीचा उजळ फोटो आहे आणि वर अंगणाचा काळा फोटो. वरच्या लेअरला मास्क लावताना गिंप विचारतं की मास्क कशाचा करू. तिथे 'ग्रेस्केल कॉपी ऑफ लेअर' निवडा. आता वरच्या फोटोत अंगण उजळ आहे, म्हणून मास्कमध्येही तो भाग पांढरा येतो आणि वरचा फोटो तिथे दिसतो. खोली त्या फोटोत काळी आहे, म्हणून मास्कमध्ये काळी, आणि तिथे खालचा उजळ फोटो दिसतो. म्हणजे प्रकाशानेच स्वतःचा मास्क कापला. फणसाच्या पानापानांभोवती ब्रश फिरवत बसावं लागत नाही. फोटोग्राफर याला ल्युमिनॉसिटी मास्क म्हणतात.

त्यानंतर मास्कवर क्लिक करून (फोटोवर नाही, ही चूक सगळे एकदा तरी करतात) लेव्हल्सने काळं-पांढरं हवं तेवढं ठळक करा, आणि थोडा गॉसियन ब्लर द्या. ब्लर दिलाच नाही तर जोड कात्रीने कापल्यासारखा दिसतो. जास्त दिला तर तोच हेलो मागच्या दाराने परत येतो. माझ्या फोटोला ३० पिक्सेलच्या आसपास बरं दिसलं. तुमच्या फोटोच्या आकारावर ते बदलेल, चौकटीवर झूम करून बघत बघत ठरवा.

माझी शेवटची रचना अशी झाली. पायाला १/१५ चा फोटो, म्हणजे खोली अंधारी पण ओळखू येणारी. मी आधी पायाला १/४ चा घेतला होता, आणि तिथेच पुन्हा ट्यूब लागली होती. आता १/४ चा फक्त कोनाड्यापुरता, तोही ४० टक्के. अंगणाला १/२५० चा, पण रॉमध्येच एक स्टॉप उजळ करून. कारण ऊन झगझगीत वाटलं पाहिजे, फणसाचं प्रत्येक पान मोजता आलं नाही तरी चालेल. कवडसा आणि आजी १/६० च्या एकाच फोटोतून. त्यामुळे हात दोनच राहिले. माणूस, प्राणी, हलणारी पानं, लाटा, यांच्यासाठी हाच नियम ठेवा: हलणारी गोष्ट एकाच फोटोतून घ्या, मिसळू नका. एक सेकंदाचा पाचवा फोटो मी वापरलाच नाही. त्यात वाशांवरची कोळिष्टकं स्पष्ट दिसत होती, पण त्या घरात राहिलेल्या कुणालाही ती खालून कधी दिसलेली नाहीत.

रंगाचं एक लफडं राहतं. आत दिवा लावलेला असेल तर आतला उजेड पिवळा आणि बाहेरचा निळसर असतो. डोळ्यांना हे फारसं जाणवत नाही, मिसळलेल्या फोटोत मात्र खटकन दिसतं. दोन्ही पूर्ण 'बरोबर' करायला जाऊ नका. आतला पिवळेपणा निम्मा कमी केला की पुरे, संध्याकाळच्या घरात थोडं पिवळं असतंच. अंधाऱ्या भागाला उजळताना रंगही भडक होतात, तिथे सॅच्युरेशन थोडं उतरवा.

झालं की फोटो अंगठ्याएवढा लहान करून बघा. पहिली नजर कुठे जाते? मग तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, पायऱ्यांचा क्रम लगेच कळतो. आणि एक रात्र जाऊ द्या. रात्री दीड वाजता चांगला वाटलेला फोटो सकाळी चहा पिताना बघणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे.

फोन हे सगळं करतोच की!

करतो, आणि थक्क व्हावं असं करतो. आयफोनमध्ये एचडीआरचा पर्याय २०१० मध्ये आला. गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्यांच्या एचडीआर प्लसची पद्धत मांडली, ती तर उलट्या वाटेने जाते. कमी-जास्त उजेडाचे फोटो काढायचेच नाहीत. सगळे फोटो मुद्दाम काळे आणि झटपट काढायचे, म्हणजे काही जळत नाही. मग ते एकमेकांवर बसवून सरासरी काढायची. सरासरीने नॉइज घटतो: नऊ फोटोंची सरासरी घेतली की नॉइज साधारण एक तृतीयांश होतो. मग अंधार उजळला तरी फोटो स्वच्छ राहतो. हातात धरलेला, हलणारा फोन असूनही हे जमतं.

अडचण तंत्राची नाही, निर्णयाची आहे. अंधार किती उजळायचा हे फोन ठरवतो, आणि सगळं दिसावं याकडे त्याचा कल असतो. तुम्हाला तुमचा निर्णय हवा असेल तर सोपा उपाय: स्क्रीनवर उजळ भागावर बोट ठेवा आणि शेजारी येणारी सूर्याची खूण खाली ओढा. दिवेलागणीचा फोटो दिवेलागणीसारखा येतो. फोनमध्ये रॉ किंवा प्रो मोड असेल तर त्यात काढून नंतर स्वतः उजळा.

यात नावाचा एक गोंधळही आहे. हल्ली काही फोटो उघडले की स्क्रीन तेवढ्यापुरती लखलखते. तेही एचडीआरच, पण ते दाखवण्याचं. अँड्रॉइड १४ पासून आलेल्या अल्ट्रा एचडीआरमध्ये साध्या जेपेगसोबत, कुठला भाग किती जास्त चमकवायचा याचा एक नकाशा साठवलेला असतो. चांगल्या स्क्रीनवर ऊन खरंच उन्हासारखं चमकतं, साध्या स्क्रीनवर साधा फोटो दिसतो. यात अंधार उजळावा लागत नाही, म्हणून मला हा प्रकार आवडतो. भडक वापर त्याचाही होतोच.

मग हा फोटो खरा का?

२०१३ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च पुरस्कार स्वीडिश फोटोग्राफर पॉल हॅन्सन यांना मिळाला. गाझामधल्या अरुंद गल्लीतून मुलांचे मृतदेह दफनासाठी नेणारी माणसं, असा तो फोटो. चेहऱ्यांवरचा उजेड इतका विलक्षण होता की हा अनेक फोटो जोडून केलाय असा आरोप त्याच वर्षी मे महिन्यात झाला. आयोजकांनी स्वतंत्र तज्ज्ञांकडून मूळ रॉ फाइल तपासून घेतली. फोटो एकच आहे, जोडलेला नाही, काही भागांचा उजेड आणि रंग मात्र कमी-जास्त केलेले आहेत, असा निष्कर्ष निघाला. पुरस्कार कायम राहिला. पण अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की काही दिवस जगभर चर्चा त्या मुलांची न होता बटणांची झाली.

बातमीच्या फोटोत वेगवेगळ्या क्षणांचे फोटो जोडू नयेत, याबद्दल आमच्या धंद्यात फारसं दुमत नाही. पाच फोटो म्हणजे पाच क्षण. कुणी एका क्षणी फ्रेममध्ये आलं आणि दुसऱ्या क्षणी गेलं, तर कोण राहणार हे तुम्ही ठरवता. घराच्या, डोंगराच्या, मंदिराच्या फोटोला हा नियम लावायची गरज नाही. पण फ्लॅट विकण्यासाठी काढलेल्या फोटोत अंधारी खोली लखलखीत केली असेल, तर ती बघायला जाणाऱ्याची फसवणूकच आहे. पठारावरची विरळ फुलं जांभळा गालिचा करून टाकली, तर तिकीट काढून तिथे जाणाऱ्याचा हिरमोड ठरलेला. तुमचा फोटो बघून कुणी पैसे किंवा वेळ खर्च करणार असेल, तर हात आवरा. निदान कॅप्शनमध्ये सांगा.

माजघराचा दुसरा फोटो मी ग्रुपवर टाकला तेव्हा बदाम कमी आले. बाबांनी फक्त विचारलं, "मोठा छापून मिळेल काय?" मिळाला, पण पहिली प्रिंट गडद आली. स्क्रीन स्वतः उजळते, कागद उजळत नाही, त्यामुळे स्क्रीनवर बरोबर वाटणारा अंधार कागदावर बुडतो. अर्धा स्टॉप उजळ करून पुन्हा छापली. आजीने ती प्रिंट दरवाजात, उजेडात नेऊन बघितली. कोनाड्याखालच्या काळ्या भागावर बोट ठेवून म्हणाली, "इथे घडवंची आहे." फोटोत ती दिसत नाही. पाचव्या फोटोत दिसते. ती रॉ फाइल मी ठेवली आहे.